पाण्यात म्हैस, बाहेर मोल

२ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने चीनशी संबंधित ११८ ॲपांवर बंदी घातली आणि त्यांत पबजी मोबाइलही गेला. टाळेबंदीत ज्या पोरांच्या रात्री या गेमवर जात होत्या, ती एकदम रिकामी झाली. दोनच दिवसांनी अक्षयकुमारने ‘फौजी’ या देशी गेमची घोषणा केली. बंगळुरूची एनकोअर गेम्स ही कंपनी तो आणणार होती. त्यावर आत्मनिर्भरतेचा झेंडा होता आणि निव्वळ उत्पन्नातला २० टक्के वाटा हुतात्मा जवानांच्या कुटुंबांसाठीच्या ‘भारत के वीर’ निधीला द्यायचे जाहीर झाले होते. गेम कोणी पाहिला नव्हता, हाती होते ते एक पोस्टर. पण तेवढ्यावर ‘पबजीला आपले उत्तर’ असे सगळ्यांनी ठरवूनही टाकले.

ऑक्टोबरअखेरचा वायदा हुकला. दसऱ्याला टीझर आला. ३० नोव्हेंबरला गुगल प्लेवर पूर्वनोंदणी उघडली आणि पहिल्या २४ तासांत १० लाखांवर लोकांनी नाव घातले. २६ जानेवारी २०२१ला प्रजासत्ताकदिनाचा मुहूर्त साधून गेम आला. उघडून पाहिले तर गलवान खोऱ्यात एकटा जवान, समोरून टोळीने चाल करून येणारे शत्रू आणि हातापायांनी, दांडक्यांनी मारामारी. जीव कमी झाला की शेकोटीजवळ जाऊन भरून घ्यायचा. बंदूक नव्हती, कारण जून २०२०च्या भारत-चीन गलवान संघर्षात गोळीच चालली नव्हती. पण पबजीतले विमानातून उडी टाकणारे शंभर खेळाडू, चौघांची टोळी, मित्राशी बोलत खेळणे, यांतलेही काही नव्हते. संघ करून लढण्याचा प्रकार ‘लवकरच’ येणार होता, तो वर्षाच्या मध्यावर आला. तोवर चार ताऱ्यांच्या वर असलेले रेटिंग तीनच्या आसपास घसरले होते.

एनकोअरच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. कंपनीचे सहसंस्थापक विशाल गोंदल हे मुंबईच्या ‘इंडियागेम्स’मुळे या धंद्यातले जुने नाव. गेमचे काम बंदीच्या आधीपासून चालू आहे, पहिला टप्पा गलवानचा असेल, हा पबजीचा पर्याय म्हणून केलेला गेम नव्हे, असे ते सांगत होते. पण हवा एवढी भरली होती की ते कोणी ऐकले नाही. आधी न पाहता कौतुक झाले, नंतर पबजीच्या नादातल्या कित्येकांनी न खेळता एक तारा दिला. दोन्ही वेळचा निकाल गेमबाहेरच्याच कारणांनी लागला. येऊ घातलेल्या गेमभोवती उठणाऱ्या हवेचे दुखणे नेमके हे आहे. वस्तू येण्याआधी तिची किंमत ठरते, आणि वस्तू आल्यावर तिला स्वतःच्या पायावर उभे राहायला जागाच उरत नाही.

जुना रोग, चार तऱ्हा

हा रोग नवा नाही आणि आपल्यापुरताही नाही. १९८२ साली अटारी कंपनीने ‘ई. टी.’ या गाजलेल्या चित्रपटावरचा गेम नाताळच्या बाजारात उतरवायचा म्हणून एकाच प्रोग्रामरकडून साधारण पाच आठवड्यांत लिहून घेतला. चित्रपटाच्या नावावर गेम खपणारच, या हिशेबाने कॅसेटींचा ढीग काढला. गेम लोकांच्या पसंतीस उतरला नाही आणि पडून राहिलेला माल पुढच्या वर्षी न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाच्या कचरा डेपोत पुरावा लागला. २०१४ साली तो उकरून काढला तेव्हा ती दंतकथा नव्हती हे सिद्ध झाले. ही झाली घाईची तऱ्हा.

दुसरी तऱ्हा बोलण्याच्या भरात वाहत जाण्याची. इंग्लंडमधल्या हेलो गेम्स या छोट्या कंपनीने डिसेंबर २०१३मध्ये ‘नो मॅन्स स्काय’ दाखवला. मोजता येणार नाहीत इतके ग्रह आणि हवे तिकडे हिंडण्याची मुभा. प्रमुख शॉन मरी मुलाखतीमागून मुलाखती देत गेले आणि प्रत्येक मुलाखतीत गेम थोडा मोठा होत गेला. ऑगस्ट २०१६मध्ये तो आला, तेव्हा पहिल्याच दिवशी दोन खेळाडू ठरवून एका ग्रहावर एका जागी गेले, पण ते एकमेकांना दिसले नाहीत. इतरांसोबत खऱ्या अर्थाने खेळण्याची सोय यायला जुलै २०१८ उजाडला.

तिसरी तऱ्हा झाकण्याची. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडने ‘सायबरपंक २०७७’ची घोषणा २०१२ साली केली. तारीख तीनदा पुढे ढकलून १० डिसेंबर २०२०ला तो बाजारात आला, तेव्हा ८० लाख प्रतींचे आगाऊ पैसे जमा होते. समीक्षकांना आधी फक्त संगणकावरची प्रत मिळाली होती आणि स्वतः चित्रित केलेली दृश्ये दाखवायला मनाई होती. जुन्या प्लेस्टेशन ४वर गेम किती अडखळतो, हे गिऱ्हाइकाला पैसे भरून झाल्यावर कळले. आठवडाभरात सोनीने तो दुकानातून काढला आणि पैसे परत द्यायला घेतले. तो परत ठेवला गेला जून २०२१मध्ये.

चौथी तऱ्हा पोकळ डोलाऱ्याची. ‘द डे बिफोर’ हा गेम स्टीम या दुकानात ‘हवे आहे’ म्हणून सर्वाधिक लोकांनी खूण केलेल्या गेमांत बराच काळ होता. ७ डिसेंबर २०२३ला तो आला. ट्रेलरमध्ये दाखवलेले विशाल मोकळे जग प्रत्यक्षात नव्हतेच. चार दिवसांत तो बनवणारी कंपनी बंद झाल्याची घोषणा झाली आणि २२ जानेवारी २०२४ला सर्व्हरही थांबले.

घाई, बढाई, लपवाछपवी आणि पोकळपणा यांत दोष सारखा नाही. शॉन मरींना फसवे म्हणणे अन्यायाचे होईल. ब्रिटनच्या जाहिरात नियामकानेही चौकशी करून त्यांची जाहिरात दिशाभूल करणारी नसल्याचा निर्वाळा दिला होता. पण गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहिले तर चारही ठिकाणी एकच घडले. दाखवले ते एक आणि हातात पडले ते दुसरे.

हवा भरते कशी

हवेची सुरुवात ट्रेलरपासून होते. त्याचे दोन प्रकार. एक निव्वळ चलच्चित्र, ज्याचा गेमशी नावापुरता संबंध. दुसरा अधिक फसवा. गेमचाच एक लहान तुकडा महिनोन्महिने घासूनपुसून महागड्या यंत्रावर चालवून दाखवायचा. तो तुकडा खोटा नसतो. पण सबंध गेम तसाच आहे, हे अनुमान पाहणाऱ्याचे असते आणि बनवणारा ते खोडत नाही. युबिसॉफ्टच्या ‘वॉच डॉग्ज’ची २०१२ची झलक आणि २०१४ला आलेला गेम शेजारी ठेवून लोकांनी प्रकाश, पाऊस, रस्त्यांतला फरक दाखवला होता.

मग येते तारीख. ती ठरते सणासुदीवर, आर्थिक वर्षावर आणि गुंतवणूकदारांना दिलेल्या शब्दावर. गेम पूर्ण होण्याशी तिचा संबंध असतोच असे नाही. पुढे येतो चेहरा, म्हणजे नट, क्रिकेटपटू किंवा यूट्यूबवर लाखो पोरे ज्याचे ऐकतात तो स्ट्रीमर. आणि शेवटी येतो आकडा.

आकड्याकडे जरा जवळून पाहू. प्ले स्टोअरवर न आलेल्या गेमचे पान उघडले की चार-पाच चित्रे, एक व्हिडिओ आणि पूर्वनोंदणीचे बटण दिसते. बटण दाबले की पैसे जात नाहीत, जागा जात नाही, आठवणही ठेवावी लागत नाही. गेम आला की सूचना येते, आणि परवानगी दिलेली असेल तर तो फोनमध्ये आपोआप उतरतो. एकाच पोराची दोन खाती असतील तर नोंदीही दोन. या बटणामागे ‘बघू तरी’ एवढीच इच्छा असते. पण बातमीत तोच आकडा ‘१० लाख चाहत्यांची प्रतीक्षा’ होऊन येतो आणि ती बातमी वाचून आणखी लाखभर जण बटण दाबतात. फुकटच्या कुतूहलाला मागणीचा मुखवटा चढतो तो इथे.

शनिवारचा बाजार

आता ज्या बाजारात न पाहता कोणी काही घेत नाही, तो पाहू. काष्टी हे श्रीगोंदा तालुक्यातले, दौंड-मनमाड लोहमार्गावरचे गाव. भीमा ओलांडली की पलीकडे दौंड. इथला शनिवारचा जनावरांचा बाजार लांबलांबच्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. त्या बाजारात गाय घ्यायला आलेला माणूस काय करतो? दात बघतो, आदत आहे की दुसा की चौसा, ते ठरवतो. वेत कितवे ते विचारतो. कासेवर हात फिरवतो, चारही सड पिळून बघतो, चार पावले चालवून पाय टाकण्याची ढब बघतो. कास भरलेली दिसावी म्हणून आदल्या वेळची धार न काढता, तुंबवून गाय आणणारे असतात, हे त्याला पक्के माहीत असते. म्हणून तो समोर धार काढून बघतो. एवढे झाल्यावर दलालामार्फत भाव पाडून मगच विसाराची नोट निघते. पाण्यात बसलेल्या म्हशीचे मोल काठावरून करणाऱ्याला हा बाजार हसतो.

ट्रेलर ही तुंबवलेली कासच. आणि आगाऊ नोंदणीचा गेम म्हणजे दात, वेत, धार काहीही न पाहता दिलेला विसार. किंबहुना विसाराहूनही वाईट, कारण बहुतेक ठिकाणी पूर्ण रक्कम घेतली जाते. गाय दुसरा नेईल, ही भीती विसारामागे असते आणि ती खरी असते, कारण गाय एकच असते. डिजिटल गेमची प्रत संपत नाही. पहिल्या दिवशी घ्या की पाचव्या महिन्यात, माल तोच आणि बहुधा दुरुस्त होऊन आलेला, पुष्कळदा स्वस्तही. संपण्याची भीती मग कृत्रिमपणे घालावी लागते. आगाऊ घेणाऱ्यालाच मिळणारा पोशाख, बंदुकीला सोनेरी स्किन, तीन दिवस आधी प्रवेश, ही सगळी ती भीती निर्माण करायची साधने आहेत. ज्या घरातला बाप सड पिळल्याशिवाय पिशवीची दोरी सोडत नाही, त्याच घरातला पोरगा तीस सेकंदांच्या व्हिडिओवर यूपीआयचा पिन टाकतो. पोराला अक्कल कमी आहे असे नाही. बापाला बाजाराने पिढ्यान्पिढ्या शिकवले, आणि पोराच्या बाजारात जनावर बघूच देत नाहीत.

पुण्याचे दोन धडे

या हवेच्या प्रश्नाची आपल्याकडची दोन जवळची उदाहरणे पुण्यातली आहेत.

पहिले ‘इंडस’. सुपरगेमिंग या पुण्याच्या कंपनीने २०२२मध्ये पबजीच्याच ‘बॅटल रोयाल’ प्रकारातल्या या गेमची घोषणा केली. भारतीय कलेचे वळण असलेले भविष्यातले जग, अशी त्याची कल्पना. त्याच वर्षी २८ जुलैला पबजीचा भारतीय अवतार बीजीएमआय दुकानांतून काढला गेला आणि पोरे पुन्हा रिकामी झाली. जानेवारी २०२३मध्ये ‘इंडस’ची पूर्वनोंदणी सुरू झाली ती याच पोकळीत. मे २०२३मध्ये बीजीएमआय परतला, पोकळी भरली, पण ‘इंडस’चा आकडा वाढत राहिला आणि १ कोटीच्या वर गेला. गेम सर्वांसाठी खुला झाला १६ ऑक्टोबर २०२४ला.

‘फौजी’ आणि ‘इंडस’ या दोन्ही देशी गेमांची हवा सरकारी बंदीने तयार केलेल्या पोकळीत भरली, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. लोकांना नवा गेम हवा होता असे नाही, हरवलेला हवा होता. शिवाय बॅटल रोयालची गरज वेगळी. त्याला एकाच वेळी, सारख्या ताकदीचे, भरपूर खेळाडू लागतात आणि ते रोज यावे लागतात. दीड-पावणेदोन वर्षांपूर्वी बटण दाबलेला पोरगा तोवर दहावीतून बारावीत गेलेला असतो, त्याचे मित्र बीजीएमआयवर परत गेलेले असतात. कोटीच्या नोंदीतून रोज संध्याकाळी मैदानात किती उतरतील, याचा अंदाज त्या आकड्यावरून बांधताच येत नाही. मात्र ‘इंडस’ने एक गोष्ट बरी केली. मधल्या काळात मर्यादित लोकांना चाचणीसाठी गेम खेळू दिला आणि त्यांच्या तक्रारी ऐकून फेरफार केले.

दुसरे उदाहरण ‘राजी’चे. नोडिंग हेड्स गेम्स ही पुण्याचीच छोटी कंपनी. भावाला असुरांच्या तावडीतून सोडवायला निघालेल्या मुलीची ही गोष्ट. २०१७मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली, पण ठरवलेली रक्कम जमली नाही. हवा झालीच नाही म्हणा ना. त्यांनी मिळेल तिथून पैसा उभा केला, गेम पूर्ण केला आणि ऑगस्ट २०२०मध्ये तो निंटेंडो स्विचवर आणला. गेम लहान होता, लढाईत उणिवा होत्या, समीक्षकांनी त्या सांगितल्याही. पण डोंगराएवढ्या अपेक्षेखाली तो चिरडला गेला नाही. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या स्वतंत्र गेमांच्या नामांकनांत ‘राजी’ होता. ‘फौजी’ला पाच महिने देश ओळखत होता आणि ‘राजी’ला कोणी ओळखत नव्हते. दोन्ही एकाच सुमाराचे. खेळणाऱ्यांकडून आदर मिळाला तो दुसऱ्याला.

आपल्याकडच्या हवेत देशाभिमान मिसळला की आणखी एक घोटाळा होतो. गेम अडखळतो म्हटले की ‘आपल्याच माणसाचे पाय ओढता’ हे ऐकावे लागते. मग जाणकार गप्प बसतात, कौतुक करणारे बोलतात आणि बनवणाऱ्याला जी तक्रार वेळेत कळायला हवी, ती प्रकाशनानंतर एक ताऱ्याच्या रूपाने कळते. देशी गेमाला मायेपेक्षा चोख गिऱ्हाइकाची गरज जास्त आहे.

नुकसान कुणाचे

पाश्चात्त्य चर्चेत नुकसान म्हणजे साठ-सत्तर डॉलर. काष्टीसारख्या गावात हिशेब वेगळा. इथे गेम म्हणजे मोबाइल आणि गेम बहुधा फुकट. पैसे जातात ते भोवतीच्या गोष्टींवर. नवा गेम जुन्या फोनवर ‘लॅग मारतो’, फोन तापतो, म्हणून हप्त्यावर नवा फोन. मग स्किन, पास, आभासी नाणी. त्याहून मोठा धोका नकली एपीके, म्हणजे अँड्रॉइड ॲपच्या, फाइलींचा. ‘फौजी’ येण्याआधीच त्याच्या नावाची बनावट ॲप निघाली होती आणि कंपनीला लोकांना सावध करावे लागले होते. वस्तू नाही पण मागणी आहे, अशा मधल्या काळात भामट्यांचे फावते. लिंकवरून उतरवलेली फाइल संपर्क, संदेश वाचायची परवानगी मागते, पोरगा घाईत होकार देतो, आणि त्याच फोनवर घरातल्या बँक खात्याचा ओटीपी येत असतो.

हवेचा भार कामगारांवरही पडतो. ‘सायबरपंक’च्या शेवटच्या टप्प्यात सप्टेंबर २०२०मध्ये आठवड्याचे सहा दिवस काम सक्तीचे केले गेले. त्याआधी सक्ती करणार नाही, असे सांगून झाले होते. जाहीर झालेली तारीख पाळायची तर माणसे पिळावी लागतात.

हवेच्या बाजूने

मग गाजावाजा करूच नये काय? इतके सोपे नाही. ज्या दुकानात रोज ढिगाने नवे गेम येतात, तिथे पुण्या-मुंबईच्या दहा माणसांच्या कंपनीने गप्प बसून काम केले तर तिचे नावही कोणाला कळणार नाही. नोंदणीचा आकडा दाखवूनच गुंतवणूक मिळते आणि त्या पैशावर पगार होतात. वाट पाहण्यातही आनंद आहे. मित्रांसोबत ट्रेलरची एकेक चौकट थांबवून अंदाज बांधणे हा एक खेळच आहे, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

गाजावाजा आणि प्रामाणिकपणा यांचा मेळ बसतो, याचेही दाखले आहेत. ‘एपेक्स लेजेंड्स’ ४ फेब्रुवारी २०१९ला जाहीर झाला त्याच दिवशी खेळायला मिळाला आणि आठवड्यात अडीच कोटी लोकांनी तो खेळला. ‘बाल्डर्स गेट ३’ जवळजवळ तीन वर्षे अपूर्ण अवस्थेत, अपूर्ण म्हणूनच विकला गेला, लोकांच्या सूचनांवर घडला आणि ऑगस्ट २०२३मध्ये पूर्ण झाला. ऑस्ट्रेलियातल्या मूठभर माणसांचा ‘सिल्कसाँग’ २०१९मध्ये जाहीर झाला. पुढे वर्षानुवर्षे ते फारसे बोललेच नाहीत. नेमकी तारीख सांगितली ती ४ सप्टेंबर २०२५च्या जेमतेम दोन आठवडे आधी. त्या दिवशी गर्दीने दुकानांची संकेतस्थळे अडखळली, पण गेमाने निराश केले नाही. ‘नो मॅन्स स्काय’वालेही शिकले. नंतर त्यांनी बोलणे आवरले, वर्षानुवर्षे फुकट सुधारणा दिल्या आणि गमावलेली पत परत मिळवली. पण ती सुधारणा होईपर्यंत ज्यांनी पैसे भरले होते, त्यांना अपुरा गेम सांभाळावा लागला, हेही विसरता येत नाही.

कायदा आणि परतावा

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू देतो. शहानिशा न करता शिफारस करणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तीवरही शिफारशीची बंदी येऊ शकते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२मध्ये याबाबत मार्गदर्शक तत्त्वेही काढली. अडचण अशी की ग्राहक ठरायला मोबदला द्यावा लागतो, आणि आपले बहुतेक गेम फुकट असतात. शिवाय ‘भव्य’, ‘अभूतपूर्व’, ‘लवकरच’ या शब्दांना कोर्टात पकडायचे कसे? म्हणून कायद्यापेक्षा दुकानांचे परताव्याचे नियम रोजच्या उपयोगाचे. स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. गुगल प्लेवर ४८ तासांच्या आत परतावा मागता येतो. फसवणुकीची तक्रार करायला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. पैसे भरण्याआधी हे आकडे पाठ असले तरी पुष्कळ झाले.

पुढची परीक्षा जवळ आहे. ‘जीटीए ६’चा पहिला ट्रेलर डिसेंबर २०२३मध्ये आला. २०२५ची तारीख मे २०२६वर गेली आणि तिथून १९ नोव्हेंबर २०२६वर. सायबर कॅफेत याच मालिकेतला ‘व्हाइस सिटी’ खेळून वाढलेली पिढी आता कमावती आहे, त्यामुळे हवा दणक्यात आहे. पण जाहीर झालेली यंत्रे दोनच, प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज. मोबाइल त्यांत नाही, संगणकही नाही. म्हणजे ‘जीटीए ६ मोबाइल’ म्हणून व्हॉट्सॲपवर जे काही येईल ते खोटे असणार, हे आजच सांगता येते. ज्याच्याकडे यंत्र आहे त्याने दोन आठवडे थांबावे. तोवर हजारो लोकांनी तो खेळलेला असेल आणि खरे-खोटे त्यांच्या तोंडून कळेल. थांबल्याने गेम कुठे जात नाही. आणि पुण्या-मुंबईत जे गेम बनवत आहेत, त्यांनी पोस्टरआधी पंधरा मिनिटांचा खेळता येणारा तुकडा लोकांच्या फोनवर द्यावा. ज्याला तो आवडेल तोच खरा गिऱ्हाईक. ते हजार भरले तरी न पाहता नाव घालणाऱ्या लाखापेक्षा कामाचे.